ओसरीवरून : मार्जाराचें वार्धक्य

संस्कृत शिकवितांना मुलांना मी एक प्रश्न हटकून विचारीत असें. ‘मार्जार’ हा शब्द कोणत्या धातूपासून झाला? उंदीर मारतें म्हणून मार्जार, हें उत्तर दर वर्षीं एखाद्या तरी हुशार मुलाकडून यावयाचेंच. वास्तविक तो शब्द ‘मृज्’ म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें, ह्या धातूपासून आलेला मानतात. मार्जन ज्या धातूचें, मार्जारहि त्याच धातूचें. संध्येंतील मार्जन आपण करतों, निदान करावें असें म्हणतों. मांजर मात्र तें दिवसभर करीत असतें. अमरकोशांत त्याला ‘आखुभुज्’ म्हणजे उंदीर खाणारा असेंहि नांव आहे. परंतु आपल्या बोलींत ‘मांजर’ या रूपानें टिकलें तें स्वच्छतेवरून पडलेलें नांव. ही व्युत्पत्ति मीं पस्तीस वर्षें फळ्यावर लिहिली. तिचा उपयोग घरांतील एका मुक्या जिवाचें दुखणें ओळखण्याकडे होतो, हें मला गेल्या वर्षीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, समजलें. समजण्यास उशीर कसा झाला तें प्रथम सांगतों. कारण त्या उशिराची किंमत माझ्याखेरीज दुसऱ्यानेंच भरली.

आम्ही मुळशी तालुक्यांत पौडास राहतों. आमच्या घरीं मांजर नाहीं असा काळ मला आठवत नाहीं. भाताच्या कणग्या घरांत होत्या तोंवर मांजर ही हौस नसून तरतूद होती. आजीच्या कडक सोवळ्यांत कुत्र्याला ओसरी बंद असे, पण मांजर चुलीपाशीं बसलेलें चाले. आतां कणग्या गेल्या, तांदूळ पिशवींतून येतो, आणि मांजर तेवढें राहिलें आहे. ताम्हिणीच्या अंगाचा पाऊस सुरू झाला म्हणजे चार महिने तेंहि आमच्याप्रमाणेंच घरांत कोंडलेलें असतें, आणि अशा कोंडवाड्यांत एकमेकांचे स्वभाव चांगले कळतात.

निदान मला तसें वाटत होतें. आमच्या घरचें याआधींचें मांजर म्हणजे ठकी. पंधरा वर्षांची भाटी होती. शेवटच्या वर्षीं ती पाणी फार पिऊं लागली. न्हाणीघरांतील बादलीवर मान टाकून ती कितीतरी वेळ लपालपा पाणी पीत बसे. सौ.नें मला हें दोनदां सांगितलें. पहिल्यांदा मी ‘उन्हाळा आहे’ म्हणालों व दुसऱ्यांदा ‘म्हातारपण आहे’ म्हणालों. पुढें तिचे केंस राठ झाले, पाठीवर त्यांच्या गांठी बसल्या, कंबर हाताला लागूं लागली. या प्रत्येक गोष्टीला माझ्यापाशीं तेंच एक उत्तर होतें. शेवटीं तिनें अन्न सोडलें तेव्हां तिला पुण्यास नेलें. डॉक्टरांनीं रक्त तपासलें आणि सांगितलें कीं, मूत्रपिंडें बहुतेक निकामी झालीं आहेत. सहा महिने आधीं आणतां तर कांहीं करतां आलें असतें. घरीं आणल्यावर ती तीन दिवस जगली, आणि ते तीन दिवस चांगले नव्हते. सौ.नें तिच्या तोंडांत तुळशीचें पाणी घातलें. मांजर मारणाऱ्यास काशीला सोन्याचें मांजर वाहावें लागतें, असें आपल्याकडे म्हणतात. मीं मांजर मारलें नव्हतें. सहा महिने नुसता पाहत राहिलों होतों. या दोहोंत अंतर किती, हा हिशेब मला अजून सुटलेला नाहीं.

सध्यांचें मांजर गोदी. तिच्यासंबंधानें अशीच चूक पुन्हा होण्याच्या बेतांत होती. ती टळली ती माझ्या भाचीमुळें. ही मुलगी इंग्लंडांत जनावरांच्या एका दवाखान्यांत परिचारिका आहे. गेल्या दिवाळींत ती घरीं आली असतां ओसरीवर बोलतां बोलतां म्हणाली कीं, आठवड्यांतील तिची एक सकाळ केवळ म्हाताऱ्या मांजरांकरितां राखून ठेवलेली असते. सगळे हंसले. मीहि हंसलों. ती मात्र हंसली नाहीं.

‘मामा, गोदी किती वर्षांची?’

‘तेरा.’

‘म्हणजे तुमच्याच वयाची.’

तिनें हिशेब मांडून दाखविला. मांजराचीं पहिलीं दोन वर्षें माणसाच्या चोवीस वर्षांबरोबर धरतात, आणि पुढील प्रत्येक वर्ष चार वर्षांबरोबर. अकरा चोक चव्वेचाळीस आणि चोवीस, अडुसष्ट. गणित चोख होतें.

‘तुमचा रक्तदाब कधीं तपासला होता?’

‘गेल्याच महिन्यांत.’

‘आणि गोदीचा?’

यावर उत्तर नव्हतें. मांजराला रक्तदाब असतो, हेंच मीं कधीं मनांत आणलें नव्हतें.

त्या देशांत या कामाची परंपरा फार जुनी आहे असें नाहीं. पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजनें १९६१ सालीं ह्या शिक्षणाची योजना सुरू केली. ‘नर्स’ हा शब्द माणसांच्या परिचारिकांकरितां राखीव असल्यामुळें १९८४ पर्यंत ह्या मुलींना तो लावतां येत नसे. त्या ‘साहाय्यक’ म्हणूनच ओळखल्या जात. एका शब्दाकरितां तेवीस वर्षें थांबलेल्या ह्या वर्गाविषयीं माझ्यासारख्या शब्दांच्या मास्तराला आदर वाटल्यास नवल नाहीं. केवळ मांजरांच्या हिताकरितां निघालेली एक संस्थाहि तिकडे १९५८ पासून चालू आहे. म्हाताऱ्या मांजरांच्या सकाळीं होतें तें असें : डॉक्टरांपाशीं दर रोग्यामागें वेळ थोडा, म्हणून परिचारिका अर्धा तास निवांत बसते. रोगाचें निदान करणें व औषध लिहून देणें हें तिचें काम नव्हे. ती विचारते, मोजते, पाहते आणि लिहून ठेवते. जें खटकेल तें डॉक्टरांपुढें मांडते. सहा महिन्यांनीं तेंच मांजर पुन्हा येतें, आणि मागील पान उघडून दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले जातात. सारें मर्म ह्या दोन आंकड्यांत आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें आमच्या ओसरीवर गोदीची तपासणी मांडली. प्रथम प्रश्न. पाणी किती पिते? लघवी किती वेळां, आणि मातीच्या घमेल्यांत कीं बाहेर? भूक वाढली कीं कमी झाली? अन्न चावतांना डोकें एका बाजूला कलतें काय? ओकारी होते काय? पूर्वीं जेथें उडी मारीत असे तेथें आतां जाते काय? रात्रीं विनाकारण ओरडते काय? उत्तरें देण्यास मी पुढें सरसावलों. पण खरीं उत्तरें सौ.नेंच दिलीं. गोदी खिडकींत बसत नाहीं याला दसऱ्यापासून किती दिवस झाले, हेंहि तिला ठाऊक होतें. मला गोदी खिडकींत बसत नाहीं हेंच ठाऊक नव्हतें.

मग वजन. माणसांच्या काट्यावर शेंपन्नास ग्रॅमचा फरक नीट कळत नाहीं, म्हणून शेजारच्या दुकानदाराचा काटा आणला आणि वेताच्या पाटींत बसवून गोदीला तोलली. तीन किलो सहाशे ग्रॅम. भाचीनें जुनें लशीचें कार्ड मागितलें. त्यावर दोन वर्षांपूर्वींचें वजन चार किलो दोनशे लिहिलेलें होतें. सहाशे ग्रॅम म्हणजे बाजारांतील तीन पाव कांद्यांहूनहि कमी. मला तें कांहींच वाटलें नाहीं. ती म्हणाली, ‘मामा, हा सातवा हिस्सा झाला. सत्तर किलोच्या माणसाचें दहा किलो वजन उतरलें तर तुम्ही स्वस्थ बसाल काय?’ 

नंतर तिनें गोदीच्या पाठीवरून दोन बोटें सावकाश फिरविलीं. कण्याच्या दोन्ही अंगांचें मांस ओसरलेलें होतें. नखें वाढून पंजाच्या गादीकडे वळूं लागलीं होतीं; म्हाताऱ्या मांजराचीं नखें झिजत नाहींत, व कित्येकदां तीं गादींत रुतून जखम होते. ओंठ वर करून पाहिलें तों हिरड्या लाल. आणि शेपटीच्या मुळाशीं, कंबरेवर, केंसांच्या गांठी. ठकीच्या पाठीवर होत्या तशाच.

‘ही अंग चाटत नाहीं?’

‘अलीकडे आळशी झाली आहे. म्हातारपण,’ मी म्हणालों.

‘मांजर आळशी होत नाहीं, मामा. त्याला दुखतें.’

मी गप्प बसलों. मार्जारानें मार्जन सोडलें तर त्याला कांहीं कारण असलेंच पाहिजे, हें पस्तीस वर्षें व्युत्पत्ति सांगणाऱ्याला सुचावयास हवें होतें. पाठ वळविली तर सांधे दुखतात, म्हणून कंबर चाटली जात नाहीं; तोंड दुखतें, म्हणून जीभ चालत नाहीं; अंगांत ताकद नाहीं, म्हणून तें काम अर्ध्यावर राहतें. १९९४ ते १९९७ या काळांतील शंभर वृद्ध मांजरांचीं क्ष-किरण चित्रें अमेरिकेंत तपासून पाहिलीं, त्यांपैकीं नव्वदांच्या सांध्यांत झीज आढळली. ती पाहणी २००२ सालीं प्रसिद्ध झाली. परंतु मांजर लंगडत नाहीं, कण्हत नाहीं. तें फक्त उंच उडी मारण्याचें सोडतें. मांजर स्वतः शिकारी असलें तरी मोठ्या जनावरांचें भक्ष्यहि आहे; दुर्बलता दाखविणें त्याला परवडत नाहीं. ओरडून सांगणाऱ्या रोग्याला वैद्य सांपडतो. न सांगणाऱ्याकरितां कोणी तरी मुद्दाम पाहत बसावें लागतें.

म्हातारपणाच्या पांघरुणाखालीं कोणते रोग दडतात तें वाचकांनीं एकदां नीट समजून घ्यावें. पहिला मूत्रपिंडांचा. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखांतील रानमांजरें. थोड्या पाण्यावर भागवून मूत्र अतिशय दाट करण्याची शक्ति त्यांच्या मूत्रपिंडांत असते. तीं झिजूं लागलीं कीं मूत्र पातळ होतें, आणि तूट भरून काढण्यास मांजर पाणी पीत सुटतें. ठकी बादलीवर बसत होती ती ह्यामुळें. रक्ताच्या नेहमींच्या तपासणींत दोष स्पष्ट दिसेपर्यंत मूत्रपिंडांचें सुमारें तीन-चतुर्थांश काम गेलेलें असूं शकतें. लघवीच्या तपासणींत तो पुष्कळदां आधीं दिसतो. आधीं सांपडला तर योग्य आहारानें, पाण्याच्या सोयीनें व औषधानें कित्येक मांजरें वर्षानुवर्षें सुखानें जगतात.

दुसरा गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा. मांजराचा हा रोग १९७९-८० च्या सुमारास अमेरिकेंतील वैद्यांनीं प्रथम ओळखला. यांत मांजर अधाशासारखें खातें आणि तरीहि वाळत जातें. घरचे लोक ‘भूक उत्तम आहे’ म्हणून निर्धास्त राहतात. तिसरा रक्तदाबाचा. हा बहुधा पहिल्या दोहोंच्या संगतीनें येतो, आणि कित्येकदां त्याची पहिली खूण म्हणजे एका रात्रींत आलेलें आंधळेपण. रक्तदाब मोजावयाचा तो पुढच्या पायाला किंवा शेपटीला लहानशी पट्टी बांधून. मांजर भ्यालेलें असेल तर आंकडा खोटा येतो. म्हणून आधीं पांच-दहा मिनिटें त्याला स्वस्थ बसूं देतात, पहिला आंकडा टाकून देतात व पुढील कित्येक आंकड्यांची सरासरी घेतात. वरचा आंकडा एकशेंसाठाच्या पुढें वारंवार आला तर डॉक्टर लक्ष घालतात. एवढी सबुरी गर्दीच्या दवाखान्यांत कोणी दाखवावी? परिचारिकेची सकाळ हवी ती ह्यासाठीं. याशिवाय दांतांचे विकार आणि मधुमेह आहेतच. लठ्ठ बोक्यांना मधुमेह विशेष होतो.

पुढील आठवड्यांत गोदीला पुण्यास नेली. तपासणींत निघालें तें असें : एक दाढ किडलेली, मागच्या पायांचे सांधे झिजलेले, आणि मूत्रपिंडांचा विकार आरंभाच्या अवस्थेंत. रक्तदाब ठीक. दाढ काढली, सांध्यांकरितां औषध दिलें, व आहार बदलण्यास सांगितलें. डॉक्टरांनीं एक ताकीद निक्षून दिली, ती येथें उतरून ठेवतों : घरांतील माणसांच्या गोळ्या मांजराला देऊं नयेत. तापाची पॅरासिटामॉलची साधी गोळी मांजराला प्राणघातक ठरते. ती पचविण्याची शक्ति त्याच्या यकृतांत नाहीं. कुत्र्यांच्या पिसवांवरील पर्मेथ्रिन असलेलें औषधहि तसेंच घातक.

आहाराचा प्रश्न मात्र आमच्यासारख्या घरीं डॉक्टरांच्या चिठ्ठीनें सुटत नाहीं. आमच्याकडे मांजराचें जेवण म्हणजे दूधभात, फार तर दूधपोळी. मांजर हा प्राणी मांसाहारावाचून नीट जगूं शकत नाहीं, हें सत्य मला माहीत होतें आणि नकोसें होतें. मांसांत टॉरीन नांवाचें एक द्रव्य असतें. मांजराचें शरीर तें पुरेसें तयार करीत नाहीं. तें न मिळाल्यास डोळ्याचा पडदा बिघडतो हें १९७५ सालीं, आणि हृदय दुबळें होतें हें १९८७ सालीं सिद्ध झालें. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाहीं. इतकीं वर्षें मांजरें आमच्या दूधभातावर जगलीं असें आम्ही मानीत होतों; खरें म्हणजे तीं कणगीमागच्या उंदरांवर जगत होतीं. कणग्या गेल्या, उंदीर गेले, आणि आमचें पुण्य तेवढें मांजराच्या ताटलींत उरलें.

यावर घरांत दोन दिवस बोलणें बंद होतें. तिसऱ्या दिवशीं सौ.नें आपण होऊन निकाल दिला. मांजराच्या आजारासाठीं मिळणारें तयार अन्न आणावें. डबा परसदारच्या फडताळांत राहील, ताटली परसदारच्या पायरीवर राहील, आणि तें वाढण्याचें काम मीं करावें. ‘देवानें तिला जसे दांत दिले तसें तिनें खावें. आपला धर्म आपल्या ताटापुरता,’ असें ती म्हणाली. धर्मशास्त्राचीं पुस्तकें मीं थोडीं वाचलीं आहेत. यापेक्षां सरळ निर्णय त्यांत मला सहसा आढळला नाहीं.

ओसरीवरील तपासणीची बातमी आळींत पसरली, आणि भाची असेपर्यंत पाट्या-टोपल्या येऊं लागल्या. पौडांतील दोन भाट्या आल्या. हिंजवडीच्या बाजूस, हाहि आमच्याच तालुक्याचा भाग, उंच इमारतींत राहणाऱ्या एका अभियंता जोडप्यानें आपला गलेलठ्ठ बोका आणला. एका म्हातारबाईंचा बोका ‘हल्लीं भिंतीला धडकतो, वय झालें’ म्हणून आला. त्याच्या बाहुल्या भर उजेडांत मोठ्याच राहत होत्या. भाचीनें निदान सांगितलें नाहीं. फक्त ‘आजच्या आज डॉक्टरांकडे न्या’ म्हणाली. रक्तदाब फार वाढलेला निघाला. दृष्टि परत आली नाहीं. पण औषधानें रक्तदाब उतरला, आणि आतां तो वासानें व मिशांनीं घरभर फिरतो. भिंतीचा दोष वयावर घालणारा मी एकटाच नव्हतों, एवढें समाधान मला मिळालें. तें कांहीं भूषणाचें समाधान नव्हे.

भाची परत गेली. आतां प्रश्न असा कीं, आपल्याकडे हें कोणी करावें? महाराष्ट्रांत पशुवैद्यकाची विद्या नवी नाहीं. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. आमच्या जवळचें शिरवळचें महाविद्यालय १९८८ पासून आहे. पशुसंवर्धन खात्याचें आयुक्तालय पुण्यांत औंधला आहे. मुंबईंत महालक्ष्मी येथें टाटांच्या न्यासांनीं लहान प्राण्यांकरितां मोठें रुग्णालय २०२४ सालीं उघडलें. परंतु आमच्या तालुक्यांतील सरकारी दवाखान्याचें पहिलें काम गाई, म्हशी, बैल, शेळ्या यांचें आहे, आणि तें तसेंच असलें पाहिजे. ज्याचा एकुलता एक बैल बसला आहे त्याच्यापुढें मी गोदीची पाटी घेऊन उभा राहणार नाहीं.

पण परिचारिकेची सकाळ डॉक्टरांचा वेळ खात नाहीं, ती वांचविते. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यांत तिला जागाहि आहे. पशुधन पर्यवेक्षकासारख्या पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या माणसांस नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखालीं किरकोळ सेवा करण्याची परवानगी राज्य सरकारला त्या कायद्यान्वयें देतां येते. तोलणें, नखें कापणें, पाहणें आणि वहींत लिहिणें याहून किरकोळ तें काय असणार? महिन्यांतून एक सकाळ. कुत्रीं व गुरें नसतील अशी निराळी वेळ. एक लहान मुलांचा काटा, एक टॉवेल, एक वही. रक्तदाबाचें यंत्र तेवढें खर्चाचें. तें वर्गणीनें घेतां येईल, आणि पहिली वर्गणी माझ्या निवृत्तिवेतनांतून येईल. खाजगी दवाखाना चालविणारे तरुण डॉक्टर आतां पिरंगुट-बावधनच्या बाजूस झाले आहेत. त्यांपैकीं एखाद्यानें शिकलेल्या मुलीच्या हातीं अशी सकाळ सोंपविली तर तिलाहि मानाचें काम मिळेल. आपल्या घरांतील ज्या मुलींना जनावरांची माया आहे, त्यांना ‘हें काय काम आहे?’ असें म्हणून आपणच मागें ओढतों. तें सोडावें लागेल.

‘माणसांना वेळेवर उपचार मिळत नाहींत, तेथें मांजरांचें कौतुक कशाला?’ असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि त्याचें संपूर्ण उत्तर माझ्यापाशीं नाहीं. धरणापलीकडच्या वाडीवरील आजारी माणसाला खालीं आणतांना काय हाल होतात तें मीं पाहिलें आहे. एवढेंच म्हणतों कीं, मांजर आपण पाळलें. तेरा वर्षें त्याच्या सोबतीचें सुख घेतलें. त्याला दुखतें आहे हें ओळखण्याचें ऋण आपलें आहे, सरकारचें नव्हे. ऋण फेडण्यास अर्धा तास आणि एक काटा लागत असेल, तर दारिद्र्याची सबब पुढें करणें शोभत नाहीं.

एक अवघड गोष्ट राहिली. जेव्हां कांहींच उपाय उरत नाहीं, तेव्हां डॉक्टर वेदनारहित मरणाची सूचना करतात. आमच्यासारख्या घरांत हा शब्द उच्चारण्याचीहि भीति वाटते. ठकीच्या वेळीं तो उच्चारला गेला होता, आणि मीं नकार दिला होता. त्या नकाराला मी तेव्हां अहिंसा म्हणालों. तीन दिवस आणि तीन रात्रीं तिचा श्वास ऐकल्यावर तो शब्द पुन्हा वापरण्याचें धैर्य मला झालें नाहीं. भाचीनें सांगितलें कीं, हा निर्णय घरच्यांना एकट्यांना घ्यावा लागूं नये, हेंहि परिचारिकेचें काम आहे. खातें काय, अंग चाटतें काय, आपण होऊन माणसाजवळ येतें काय, बरे दिवस अधिक कीं वाईट, हें ती घरच्यांकडून रोज लिहून घेते. निर्णय कोणताहि होवो. तो डोळे उघडे ठेवून झालेला असतो. गोदीच्या बाबतींत मी काय करीन, तें आज सांगत नाहीं. मात्र वही उघडी राहील.

ती वही आमच्या घरीं दिनदर्शिकेच्या खिळ्याला टांगलेली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं दुकानदाराचा काटा येतो. पाण्याचीं भांडीं एकाच्या ऐवजीं तीन ठिकाणीं ठेवलीं आहेत. खिडकीखालीं एक बैठें स्टूल मांडलें आहे, म्हणजे एका उंच उडीच्या दोन ठेंगण्या उड्या होतात. वजन सध्यां तीन किलो आठशे आहे. भक्तिशास्त्रांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन न्याय सांगतात : माकडाचें पिलूं आईला स्वतः घट्ट धरतें, मांजराचें पिलूं मात्र स्वस्थ राहतें, आणि आईच त्याला तोंडांत धरून नेते. म्हाताऱ्या मांजराची पाटी उचलतांना मला वाटतें, त्या न्यायांत आतां उचलण्याची पाळी आपली आहे.

ज्या वाचकांच्या घरीं दहा वर्षांवरील मांजर असेल त्यांनीं तें आजच तोलावें, आंकडा तारखेसह लिहून ठेवावा, आणि त्याच्या कंबरेवरून एकदां हात फिरवावा. गांठी लागल्या तर ‘म्हातारपण’ हा शब्द तोंडांतून काढण्यापूर्वीं डॉक्टरांकडे जावें. हें लिहीत असतां गोदी दोन उड्यांत खिडकींत चढून बसली आहे, आणि मान मागें वळवून, सावकाश, कंबर चाटीत आहे.